पाडव्याला सोडायच्या पट्ट्या

या, जवळ सरका सगळे. बुवांची गाडी खेडच्या पुढे पंक्चर झाल्याचा निरोप आलाय, पाऊण तास तरी लागणार. पेटीवाले, तुमचा भाता जरा मिटून ठेवा. मागे खांबाला टेकलेत त्यांनीही पुढे या, माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. बुवा येईस्तोवर मी एक गोष्ट सांगतो. पोथीतली नाही, आपल्याच गावातली आहे. ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, पण ऐका.

"भावजी, इकडे बघा. आता ह्याचं डोकं उडवायचं."

असं म्हणून वच्छीवहिनीनं कुंतीच्या, म्हणजे कामिनीच्या, एका रोपाचा शेंडा कात्रीत धरला आणि खट्‌कन छाटला. तीन वर्षांचं रोप, अंगठ्याएवढं जाड, सरळसोट वाढलेलं. वीतभर बुंधा राहिला, वर काही नाही. आम्ही आंब्याची कलमं बांधणारी माणसं. झाड वाढवायचं एवढंच ठाऊक.

"अहो वहिनी, मेलं की हो ते," मी म्हटलं.

"मरत नाही. रडूबाई आहात नुसते." तिनं चाकूनं काप साफ केला, सपाट, पाटासारखा. "आता ह्या काठावरून चारी बाजूंनी डोळे फुटतील. त्यातले पाच-सहा ठेवायचे, बाकीचे खुडायचे. फांदी बोटभर झाली की दोन पानांवर छाटायची. एकाच्या दोन होतात, दोनाच्या चार. सगळ्या एका जागेवरून निघाल्या पाहिजेत, वर जाऊन पसरल्या पाहिजेत. केरसुणी उभी धरल्यासारख्या."

ही गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. तात्या बिवलकरांची रोपवाटिका तेव्हा खाडीच्या अंगाला होती. मी तिथे कलमं बांधायचो. वच्छीवहिनी म्हणजे वत्सला शिगवण. तिचा नवरा बाळा माझ्या वर्गातला. तो होडी उलटून गेला, तेव्हापासून ती मुलीला, शालूला घेऊन भावाच्या पडवीत राहायची आणि तात्यांकडे कामाला यायची. वहिनी म्हणायचो ते बाळामुळे, आणि ती मला भावजी.

पुण्याहून वाकणकर बाई म्हणून एक यायच्या. त्यांना बोन्सायचा मोठा नाद. ही पद्धत त्यांनीच वहिनीला दाखवली. त्या तिला झाडू पद्धत म्हणत. वहिनीनं पहिल्याच दिवशी नाव बदललं.

"झाडू नका म्हणू बाई. केरसुणी म्हणा, लक्ष्मी आहे ती. आमच्या घरी केरसुणी उभी ठेवली की भावजय माझ्या अंगावर येते. इथे चाळीस उभ्या करते की नाही बघा."

वाकणकर बाई हसल्या, आणि तिचे हात कसे चालतात ते बघत राहिल्या. तात्यांना म्हणाल्या, "हिला सोडू नका. ही चाळीस नीट झाली तर पुढल्या वर्षी प्रदर्शनाला तीस मी नेईन, आणि दर वर्षी नेईन."

तात्यांनी त्याच दिवशी शब्द दिला. चैत्रात बाई बघायला येतील, त्यांनी पसंत केली की बोन्सायचा वेगळा विभाग काढायचा. वत्सला त्याची मुख्य. आणि विहिरीमागच्या दोन खोल्या तिला राहायला.

त्या खोल्यांत तेव्हा शेणखताची पोती होती. तरी वहिनी रोज दुपारी भाकरी खाऊन झाली की तिथे जाऊन उभी राहायची. एकदा मी विचारलं, "काय बघता हो एवढं?"

"दार बघते," ती म्हणाली. "आतून कडी आहे. भावजी, शालू आता चौदाची झाली. पडवीला दार नाही. कपडे बदलायचे तर मी लुगडं धरून उभी राहते."

मी यावर काहीतरी थट्टा केली असेल. काय ते आठवत नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तिनं चाळीसच्या चाळीस रोपं छाटली आणि प्रत्येकाच्या कापाखाली केळीच्या भिजवलेल्या सोपटाची, खोडाच्या सालीची, पट्टी आवळून बांधली. मला वाटलं कलमासारखं काहीतरी जोडतेय. तिनं समजावलं. वरचा काप भरून येताना बुंधा तिथे फुगतो, आवळलेल्या मुठीसारखा. मग फांद्या त्या मुठीतून निघाल्यासारख्या दिसतात, झाड जन्माचं बेढब होतं. म्हणून महिनाभर आवळून ठेवायचं. पण डोळे फुटून रस वर धावायला लागला की पट्टी सोडलीच पाहिजे. नाहीतर तीच पट्टी सालीत रुतते, रस अडतो आणि गळफास बसतो.

"पाडव्याला सोडायच्या," ती म्हणाली. "एक दिवस इकडे तिकडे चालेल. आठ दिवस चालणार नाहीत."

पाडव्याच्या दोन दिवस आधी मंडणगडहून निरोप आला, तिची आई अंथरुणाला खिळली. तिनं तात्यांकडून सुटी घेतली आणि जाताना मला कलमांच्या मांडवात गाठलं.

"भावजी, तुमच्यावर टाकून जाते. पाडव्याला पट्ट्या सोडा. एका ओढीला सुटतात, काही कठीण नाही. तात्यांना सांगत नाही, ते म्हणतील एवढं काम टाकून चाललीस."

"निर्धास्त जा. माझ्या हातून आजवर कलम कधी मेलंय?"

"म्हणून तर तुम्हाला सांगते."

आता पाडव्याला काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. ह्याच देवळात रामाचा उत्सव बसतो. त्या वर्षी रत्नागिरीकडचे मोठे बुवा येणार होते, आणि त्यांच्या मागे झांज घेऊन धृपद धरायला गावानं मला निवडलं होतं. मी तिशीतला. गळा बरा होता, आणि तो बरा आहे हे मला फार ठाऊक होतं. पाडव्याला सकाळपासून मी देवळातच. चाली बसवतोय, बुवांच्या अंघोळीचं पाणी काढतोय, त्यांच्या पंच्याची घडी करतोय. संध्याकाळी पहिलं कीर्तन झालं. बुवा सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या पोराच्या गळ्यात राम आहे." मी घरी गेलो तो जमिनीवरून चाललो नाही.

पट्ट्या आठवल्या. दुसऱ्या दिवशी आठवल्या, तिसऱ्या दिवशीही. मी विसरलो असं म्हणायची सोय नाही. रोज वाटायचं, उद्या सकाळी लवकर जाऊन सोडू. चाळीस रोपं, पाऊण तासाचं काम. रोज सकाळी बुवा हाक मारायचे, "रघुनाथा, ती कालची चाल जरा पुन्हा घेऊ." देवाचं काम आधी, असं मी मनाला सांगायचो. ते देवाचं नव्हतं. माझंच होतं.

अष्टमीला दुपारी सगळे जेवायला बसले होते तेव्हा मी गेलो. पहिल्या रोपाची गाठ ओढली. गाठ सुटली पण पट्टी निघेना. खालची वरची साल फुगून तिच्यावर आली होती. नखानं उचकटली, तशी सालीसकट आली. खाली वळं होतं, नखाएवढं खोल, ओलं. वरची पालवी फुटलेली, पण पिवळट. दुसरं सोडलं, तेच. तिसरं, चौथं.

त्या क्षणी बाकीची छत्तीस सोडून टाकली असती तर निम्मी तरी वाचली असती. एवढी अक्कल मला होती, जन्म कलमात गेला होता. पण सोडली असती तर कुणीतरी विचारलं असतं, कधी सोडलीस? मी छत्तिसांना हात लावला नाही. उघडलेल्या चार पट्ट्या हौदात बुडवल्या, पुन्हा त्या वळ्यांत बसवल्या आणि हाताला येईल तशा बांधून टाकल्या. मग हात धुऊन देवळात आलो. त्या दिवशी बुवांनी माझं ताट आपल्या शेजारी मांडायला सांगितलं होतं.

दशमीला सकाळी वाकणकर बाई आल्या. वहिनी पहिल्या एस्टीनं मंडणगडहून थेट रोपवाटिकेतच आली, हातात पिशवी तशीच. आई जरा सावरली होती. वहिनीच्या चेहऱ्यावर हसू होतं, मला लांबूनच म्हणाली, "भावजी, उत्सव कसा चाललाय? घसा बसला नाही ना?"

आणि मग तिनं रोपं बघितली. पट्ट्या तशाच.

ती पहिल्या रोपाजवळ गुडघ्यावर बसली. हात पट्टीला लावला आणि थांबला. तिनं दुसऱ्या रोपाची गाठ बघितली, तिसऱ्याची, चौथ्याची. पाचव्याला हात घातला आणि ओढलं. साल फाटल्याचा आवाज आला. तिनं वर माझ्याकडे बघितलं. मी तात्यांच्या मागे उभा होतो.

वाकणकर बाई वाकून वळ्यावरून बोट फिरवत होत्या. "हे आठ-दहा दिवसांपूर्वी सुटायला हवं होतं गं. सगळीच अशी आहेत का? अरेरे."

तात्या रागीट नव्हते. त्या दिवशी ओरडले असते तर बरं झालं असतं. "वत्सला, कधी सोडायच्या होत्या?"

"पाडव्याला."

"तू तर नव्हतीस. कुणाला सांगून गेली होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तात्या वळले.

"रघू, तुला काही बोलली होती का रे?"

मी म्हटलं, "मला? नाही बुवा. मी आपला उत्सवात."

एवढंच. दोन वाक्यं.

तात्यांनी वाकून एक पिवळं पान तोडलं. मग म्हणाले, "माझा भरवसा होता तुझ्यावर. निदान मला तरी सांगून जायचं. विभागाचं राहू दे आता, पुढे बघू. उद्यापासून मातीच्या पिशव्या भरायला बस."

"बरं," ती म्हणाली.

दुपारी मी मांडवात एकटा होतो. ती आली. वाटलं शिव्या देईल. आम्हा कुणब्यांच्या बायकांच्या तोंडची शिवी कशी लागते ते तुम्हाला ठाऊक आहे, मी तिची वाटच बघत होतो.

"माझी छोटी कात्री बघितलीत का, भावजी?"

मी फळीवरून काढून दिली. तिनं ती पदराला पुसली.

"मी पट्टीला सुरगाठ मारते," ती म्हणाली. "एका ओढीला सुटावी म्हणून. पहिल्या चार रोपांना सुरगाठ नाही. शेवटचा वेढा खालून काढून ओढून घेतलाय. कलमाचा फास आहे तो. ह्या गावात असा फास दोघंच मारत होते, तुम्ही आणि तुमचे वडील. ते तर गेले."

मी मान खाली घातली. हात बघत होतो माझे. चोरी करतानाही त्यांनी रोजचंच काम केलं होतं.

"म्हणजे तुम्ही उघडून बघितलंत," ती म्हणाली. "बघितलंत, आणि परत बांधलंत."

"वहिनी, मी..."

"विसरला असता तर काही नव्हतं हो. माणूस विसरतो."

बाहेर कुणीतरी हौदावर बादली आपटली. ते माणूस लांब गेलं का याचा कानोसा घेऊन वहिनीनं आवाज आणखी खाली आणला.

"तात्यांनी तुम्हाला विचारलं ना, तेव्हा मी थांबले होते. म्हटलं, आता बोलतील."

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. हे विचारायचीही लाज वाटायला हवी होती.

"बोलले असते तर आज लळिताला रामापुढे कुठल्या तोंडानं उभे राहिला असता? शालू तुमचं गाणं ऐकायला येते. मीसुद्धा येते. तेवढा एक तास मला पडवी आठवत नाही." तिनं कात्री पिशवीत टाकली. "आता ऐका. वळ्याच्या खाली दोन बोटं सोडून सगळी पुन्हा छाटा. आजच. मुळं शाबूत आहेत, फुटतील. नव्यानं पट्टी बांधा. ह्या वेळी महिन्याच्या आत सोडा, ऊन वाढलंय. फांद्या निघाल्या की आतल्या बाजूला वळलेली एकही ठेवू नका, कितीही जोमाची असली तरी. आणि थंडीत पानं विरळ करून सगळ्या फांद्या गोळा करून सैल बांधा, म्हणजे वरच्या अंगाला वळण धरतील. ध्यानात राहील?"

"तुमची झाडं आहेत, वहिनी. तुम्हीच..."

"झाडांनी काय केलंय? त्यांना का शिक्षा?"

त्या संध्याकाळी लळिताचं, उत्सवाच्या समारोपाचं कीर्तन झालं. दिल्या शब्दासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचं आख्यान बुवांनी लावलं. तुम्ही हसाल, पण देव अशी वेळ साधतो. राजा स्मशानात उभा राहिला तिथे मला धृपद उचलायचं होतं. उचललं, आणि गळा भरून आला. शब्द फुटेना. बुवा क्षणभर थांबले. लोकांना वाटलं भक्तीनं भरून आलं. सभामंडपात सगळे डोळे पुसायला लागले. बायकांत पुढे वच्छीवहिनी बसली होती, शालूला जवळ घेऊन. तीही पदर डोळ्याला लावत होती. आरतीनंतर दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडल्या, आणि मी पडू दिलं.

पंधरवड्यानं ती गाव सोडून गेली. चिपळूणच्या बाजूला काजूचा कारखाना होता, तिथे बायकांना राहायला खोली मिळायची. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "तिथे कडी आहे."

मी रोपं तिनं सांगितली तशी छाटली. चाळिसातली एकतीस फुटली. तिचा शब्द न्‌ शब्द पाळला. आतल्या फांद्या काढल्या, थंडीत बांधली, चैत्रात सोडली. दोन वर्षांनी वाकणकर बाई आल्या तेव्हा फुलं होती. बाई पहिल्या रोपाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "रघुनाथ, हे तुमचं काम?" मी म्हटलं, "हो." तात्यांनी विभाग काढला. खोल्यांची किल्ली माझ्या हातात दिली.

मला गावात स्वतःचं घर होतं. किल्ली नको म्हणता आलं असतं. मी घेतली. त्या खोल्यांत मी उत्सवाचं सामान ठेवलं, पेटी, झांजा, समया. येणाऱ्या बुवांचा मुक्काम तिथे करायला लागलो. गाव म्हणायला लागलं, रघू भुवडानं मिळालेली जागासुद्धा देवाला दिली. त्या दाराची आतली कडी वर्षानुवर्षं कुणी लावली नाही. गंजून गेली.

ती मला एकदाच भेटली. चिपळूणच्या स्टँडवर, बारा-तेरा वर्षांनी. पिशवी मांडीवर धरून बाकावर बसली होती. हात बघितले. काजूच्या टरफलातलं तेल लागून बोटं काळी पडली होती, टोकांची कातडी सोलवटलेली. त्याच बोटांनी ती फुटता डोळा नखानं खुडायची, शेजारच्याला धक्का न लावता.

"भावजी! केरसुण्या कशा आहेत माझ्या?"

"झकास आहेत. पुण्याला बक्षीस मिळालं."

"मिळणारच," ती म्हणाली, आणि इतकी मनापासून हसली की मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. "वहिनी, त्या दिवशी..." तेवढ्यात तिची गाडी लागली. ती उठली, गर्दीत घुसली, खिडकीतून हात केला. गाडी पाच मिनिटं उभी होती. पाच मिनिटं मी खिडकीखाली उभा राहून शालूच्या लग्नाची चौकशी केली.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. मला दोन महिन्यांनी कळलं. शालूला मी पत्र लिहिलंय, सगळं लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. यायला हवं असंही नाही.

आता हे आजच का सांगितलं? बुवा आले की कमिटी मला शाल-श्रीफळ देणार आहे. मला कळू नये म्हणून गुपचूप ठरवलंत, पण गावात काय लपतं? ह्या गाभाऱ्याच्या दोन बाजूंना कुंतीची दोन झाडं ठेवलीत, त्या एकतिसातलीच, आणि खाली पितळी पाटी केलीत. माझ्या नावाची. दुपारी मी ती वाचली आणि मला रामाकडे बघवेना.

ती गाडी वाजली बहुतेक. बुवा आले वाटतं. मी आटपतो.

शाल मला नको. पाटी काढून ठेवा, नवीन करायला वेळ लागला तरी चालेल. पण कीर्तन सुरू व्हायच्या आधी सगळे रामापुढे हात जोडाल, तेव्हा ह्या दोन झाडांकडे एकदा बघा, आणि मनात नाव घ्या. वत्सला बाळा शिगवण. इथेच पुढे बसायची, बायकांच्या ओळीत. तिला आठवा.